मदत कोणाच्या खात्यावर?

आवडीचं काम निवडा, लोकांच्या उपयोगी पडा, पैसा मागून येईलच. हा सल्ला आता उद्योजकतेवरच्या प्रत्येक व्याख्यानात चहाबिस्किटांबरोबर मिळतो. ऐकायला छान वाटतो आणि पूर्ण खोटाही नाही. पण जे उद्योग खरोखर लोकांच्या उपयोगी पडले आणि पन्नास-पन्नास वर्षं टिकले, त्यांची सुरुवात पाहिली तर आवड पहिल्या पानावर क्वचितच सापडते. आणि पैसा मागून आला असेल, तर त्याला यायला भाग पाडणारी एखादी व्यवस्था कुणीतरी डोकं लावून उभी केलेली असते.

वर्गीज कुरियन 1949 मध्ये आणंदला आले ते नाइलाजाने. सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकले होते आणि ती फेडायची म्हणून सरकारी दुग्धशाळेतली नोकरी पत्करावी लागली होती. शिष्यवृत्ती डेअरीची होती, यांचा जीव धातुशास्त्रात. दिवस भरले की मुंबई गाठायची, एवढाच बेत होता. खेडा जिल्हा दूध संघाच्या त्रिभुवनदास पटेलांनी त्यांना थांबवलं ते संघाची यंत्रं धड चालावीत म्हणून. पुढे ज्या माणसाच्या नावाने देशातलं दूध ओळखलं गेलं, तो स्वतः दूध पीत नसे.

मदुराईच्या अरविंद नेत्रालयाचे संस्थापक डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांना स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्रात जायचं होतं. तरुणपणीच संधिवाताने बोटं वाकडी केली, प्रसूतीचं काम करणं शक्य राहिलं नाही, म्हणून ते डोळ्यांकडे वळले. आपल्याकडचे लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर यांत्रिक रेखाटनाकडे वळले, व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिकवू लागले, मग बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

तिघांची वाट अडली आणि तिघेही दुसऱ्या वाटेने गेले. त्या दुसऱ्या कामात पुरते बुडाल्यावर त्यांना त्याची गोडी लागली. मला वाटतं, 'आवड शोधा' असं पोरांना सांगत फिरणाऱ्यांनी या क्रमाचा एकदा विचार करावा. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला आपली आवड सापडत नाही म्हणून अपराधी वाटत राहावं, असं या इतिहासात काही नाही.

मग असले उद्योग टिकतात कशावर? एकच प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. ज्याला मदत करायची, तो माणूस उद्योगाच्या हिशेबात कुठे बसतो? तो गिऱ्हाईक आहे, मालक आहे, कामगार आहे, की नुसता अहवालातला फोटो आहे?

15 मार्च 1959. गिरगावातल्या लोहाणा निवासच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी उडदाचे पापड लाटायला घेतले. भांडवल 80 रुपये, तेही छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, ती ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली. या सातजणींना पापडाची विशेष ओढ होती असं कुणी म्हणत नाही. पापड लाटता येत होते, दुपार मोकळी होती, घरात पैशाची चणचण होती. पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपये. पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी विकत घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी, की भर पावसात काम सुरू. पुढे 'लिज्जत' झालेल्या या उद्योगाचा इतिहास सांगताना लोक सध्याची कोट्यवधींची उलाढाल सांगतात. मला ही खाट जास्त मोलाची वाटते. कारण त्या वर्षापासून हे काम बाराही महिने मिळकत देणारं झालं, आणि बाईच्या घरखर्चात फक्त अशीच मिळकत मोजली जाते.

लिज्जतची खरी करामत रचनेत आहे. सकाळी केंद्रावर पीठ मळून तयार होतं. सभासद बायका, म्हणजे संस्थेच्या भाषेत 'बहिणी', येतात, आदल्या दिवशी लाटलेले पापड वजनावर देतात, वणाईचे, म्हणजे लाटण्याच्या मजुरीचे, पैसे घेतात, नवं पीठ घेऊन घरी जातात. लाटणारी प्रत्येक बाई संस्थेची सभासद, म्हणजे मालकीण. पुरुष हिशेबनीस होऊ शकतो, गाडी चालवू शकतो, सभासद होऊ शकत नाही. नफा आणि तोटा दोन्ही वाटून घ्यायचे, आणि देणगी घ्यायची नाही. हा शेवटचा नियम पहिल्यापासूनचा. त्यामुळे माल वाईट निघाला तर 'बिचाऱ्या बायकांचा आहे, घ्या' असं म्हणून तो खपवता येत नाही. सुरुवातीला एक स्वस्त, हलका पापडही काढून पाहिला होता. दर्जाला हात लावायचा नाही या सल्ल्यावरून तो सोडून दिला. सगळं जमलं असंही नाही. 1961 मध्ये मालाडला काढलेली शाखा चालली नाही. पुढे अगरबत्ती, काडेपेटी असे उद्योग करून पाहिले, तेही बंद पडले. लिज्जत हे नाव 1962 मध्ये स्पर्धा घेऊन ठरलं, बक्षीस होतं 5 रुपये. 1966 मध्ये संस्थेची नोंदणी झाली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. तिथून मिळालेलं खेळतं भांडवल आणि करातली सवलत यांमुळे मोठी झेप घेता आली. हे विसरून 'ऐंशी रुपयांतून साम्राज्य' अशी गोष्ट सांगणं म्हणजे सरकारच्या वाट्याचं श्रेय खिशात घालणं. आज सुमारे 45 हजार बहिणी या कामात आहेत.

यावर टीकाही आहे आणि ती ऐकण्याजोगी आहे. घरात बसून लाटलेला पापड बाईला पैसे देतो, पण घराबाहेर काढतोच असं नाही. दिवसभर लाटून पाठ मोडते, आणि वणाईचा दर हाच शेवटी तिच्या श्रमाचा भाव असतो. मालकीण म्हणवणाऱ्या बाईला केंद्राच्या निर्णयात किती जागा आहे, हे शाखेशाखेवर अवलंबून असणार. तरीही माझं मत लिज्जतच्या बाजूने झुकतं, कारण इथे मदत आणि व्यवहार यांच्यात फट नाही. मदत म्हणून काही दिलं जात नाही. जे मिळतं ते विकलेल्या पापडाचं.

गिरणगावात प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यामागचा विचारही याच जातीचा. गिरणी कामगारांना डबे घालणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या कचाट्यात होत्या. त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्यांना उद्योग शिकवावा लागला नाही. तो त्या रोज पहाटेपासून करतच होत्या, फक्त त्याला कर्ज मिळण्याजोगा उद्योग म्हणायला बँक तयार नव्हती.

मदुराईचं उदाहरण वेगळ्या कारणासाठी पाहायला हवं. तिथे मदत घेणारा बहुतेकदा पैसे देऊच शकत नाही. डॉ. वेंकटस्वामी 58 व्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि 1976 मध्ये त्यांनी 11 खाटांचं रुग्णालय सुरू केलं. कर्ज सहजी मिळेना, तेव्हा घर गहाण पडलं, घरातल्या बायकांचे दागिने गेले. बहीण, मेहुणे, सगळं कुटुंब कामाला. ध्येय होतं टाळता येण्याजोगं अंधत्व घालवायचं, म्हणजे मुख्यतः मोतिबिंदू. आणि त्यांच्या डोक्यात नमुना होता मॅकडोनल्डचा! तीच वस्तू, तोच दर्जा, हजारो ठिकाणी, कमी खर्चात. अध्यात्मात रमलेल्या, योगी अरविंदांना मानणाऱ्या माणसाने बर्गरच्या दुकानाकडून शिकावं, हे आपल्याकडच्या पुष्कळ समाजसेवकांना पचलं नसतं.

शस्त्रक्रियागृहात एका सर्जनसमोर दोन टेबलं. एकावरचा रुग्ण होतो न होतो तोच दुसऱ्यावरचा तयार असतो, सूक्ष्मदर्शक फक्त फिरवायचा. तयारी, तपासणी, समुपदेशन हे सगळं खेड्यांतून निवडून प्रशिक्षण दिलेल्या मुली करतात, त्यामुळे महागडा सर्जन फक्त सर्जनचंच काम करतो. रोज खूप शस्त्रक्रिया, म्हणून प्रत्येकीचा खर्च कमी. पैसे देणाऱ्यांच्या शुल्कातून न देणाऱ्यांचा खर्च निघतो. दारात उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. पैसे द्यायचे की नाहीत हे रुग्णच ठरवतो. फरक खोलीत, गादीत, पंख्यात असतो. सर्जन मात्र दोन्हीकडे तेच.

या व्यवस्थेला दोनदा धक्के बसले आणि दोन्ही धक्के शिकवणारे होते. पहिला असा की मोफत म्हटलं तरी लोक येईनात. गावात शिबिर, शस्त्रक्रिया फुकट, तरी गरजूंमधले थोडेच पुढे येत. चौकशी केल्यावर कळलं की बसभाडं, तिथलं जेवण, बुडणारी मजुरी आणि सोबत येणाऱ्या माणसाचा खोळंबा हा खर्च कुणी धरलाच नव्हता. मग ने-आण आणि जेवणही शिबिरात आलं. दुसरा धक्का कृत्रिम भिंगाचा. डोळ्यात बसवायचं भिंग परदेशातून यायचं, किंमत साधारण 100 डॉलर. म्हणजे पैसेवाल्याला भिंग आणि गरिबाला सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. ही दुफळी चालू दिली असती तर संस्थेचा पायाच हलला असता. 1992 मध्ये त्यांनी ऑरोलॅब ही स्वतःची उत्पादन संस्था काढली आणि भिंगाची किंमत दहा डॉलरच्या आसपास आणली. आज जगभरच्या देशांत ती भिंगं जातात.

याच्या नेमकं उलट उदाहरण आफ्रिकेतलं. प्लेपंप नावाचं यंत्र दक्षिण आफ्रिकेत आलं. मुलांनी गरगर फिरणाऱ्या चक्रावर खेळायचं, त्याने जमिनीतलं पाणी वर टाकीत चढायचं, आणि टाकीच्या चारही बाजूंना फलक. दोन बाजूंवर आरोग्याचे संदेश, दोनवर जाहिराती. जाहिरातींच्या पैशातून दुरुस्ती. गोष्ट इतकी देखणी की 2006 मध्ये अमेरिकेत लाखो डॉलरच्या मदतीची घोषणा झाली. पण मुलं दिवसभर खेळत नाहीत. पहाटे पाणी लागतं तेव्हा ते चक्र बायका फिरवत बसल्या, आणि हातपंपापेक्षा त्यात जास्त कष्ट होते. खेड्यातल्या टाकीवर जाहिरात द्यायला कुणी येईना, मग दुरुस्ती कशातून? काही वर्षांतच मोहीम आवरती घ्यावी लागली. पाणी भरणारी बाई या सगळ्या हिशेबात कुठेच नव्हती. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि पंप बंद पडला तरी कुणाचं उत्पन्न बुडत नव्हतं. अमेरिकेतल्या टॉम्स कंपनीने एक जोडा विकला की एक गरिबाला फुकट, ही योजना 2006 मध्ये आणली. ती खूप गाजली, पण पुढे कंपनीचीच आर्थिक घडी विस्कटली आणि तिने जोड्याला जोडा हे सूत्र सोडून दिलं. फुकट जोडा घेणाऱ्याचा पसंतीनापसंतीशी काही संबंध नव्हता, त्यामुळे तो बरा की वाईट हे कंपनीला कळायला मार्गच नव्हता.

एवढ्यावरून 'गरिबाला गिऱ्हाईक करा की झालं' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. त्यांनी आंध्रकडे पाहावं. गरीब बायकांना लहान कर्जं देणाऱ्या मोहम्मद युनूस यांना 2006 मध्ये नोबेल मिळालं आणि सूक्ष्मकर्ज हा जगभर कौतुकाचा विषय झाला. विक्रम अकुला यांची एसकेएस ही संस्था स्वयंसेवी म्हणून सुरू झाली, मग तिची वित्त कंपनी झाली, आणि ऑगस्ट 2010 मध्ये तिने शेअर बाजारातून सुमारे 1,600 कोटी रुपये उभे केले. त्याच सुमारास आंध्रच्या खेड्यांत एकेका बाईच्या डोक्यावर चार-चार संस्थांची कर्जं होती. एकीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून जायचा. कर्जगटातली एक चुकली की बाकीच्या तिच्या दारात उभ्या राहायच्या. आत्महत्यांच्या बातम्या आल्या, ऑक्टोबर 2010 मध्ये राज्याने अध्यादेश काढला आणि वसुली कोसळली. फक्त आंध्रात नव्हे, सगळ्या क्षेत्रावरचा विश्वास डळमळला. रिझर्व्ह बँकेने मालेगाम समिती नेमली आणि 2011 मध्ये सूक्ष्मवित्त कंपन्यांसाठी नवी चौकट आली.

इथे गरीब बाई गिऱ्हाईक होतीच. पण किती कर्ज द्यायचं हे ठरवणारा माणूस तिच्या घराकडे पाहत नव्हता, तो तिमाही वाढीकडे पाहत होता. मदतीच्या धंद्यातला हा सर्वांत अवघड भाग आहे. भांडवल ज्याचं, वेग त्याचा. शेअर बाजारात जाणं हेच पाप, असं मी म्हणणार नाही. पण कर्जाच्या धंद्यात जलद वाढ म्हणजे लोकांचं वाढतं कर्ज, आणि हे पापडाच्या किंवा भिंगाच्या धंद्यात खरं नसतं.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची माणदेशी महिला बँक म्हणूनच पाहण्यासारखी. 1997 मध्ये चेतना गाला सिन्हा यांनी ती सुरू केली. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांपैकी अनेकींनी सहीऐवजी अंगठे उठवले होते. बायका लिहावाचायला शिकल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा गेल्या. वाचता येत नसेल पण व्याज तोंडी काढता येतं, विचारून पाहा, असं त्यांनी अधिकाऱ्यांनाच सुनावलं. परवाना मिळाला. मजा म्हणजे पुढे डिजिटल कार्ड द्यायची वेळ आली तेव्हा या बायकांनीच सांकेतिक आकडा (पिन) नको म्हटलं. आकडा घरातलं कुणीही मागून घेईल, अंगठा कसा नेणार? बाजारहाट सोडून शाखेत यायला जमत नाही, म्हणून बँक दारात गेली. माण तालुका दुष्काळी, ठेवी लहान, वाढ सावकाश. आंध्रात सूक्ष्मवित्ताचं जे झालं ते इथे झालं नाही, याला हा संथपणाही कारण असावा.

परतफेडीची वेळ किती महत्त्वाची असते, हे बेंगळुरूच्या सेल्को या सौरदिव्यांच्या कंपनीने दाखवलं. हरीश हांडे यांनी ती 1995 मध्ये काढली. हातगाडीवाल्याला महिन्याचे 300 रुपये जड जातात, रोजचे 10 जात नाहीत, हे तिथल्या गिऱ्हाइकांनीच त्यांना शिकवलं, आणि मग त्यांचं निम्मं काम बँकांना हप्ते तसे बांधायला लावण्याचं झालं. कोइम्बतूरचे अरुणाचलम मुरुगनाथम यांनी सॅनिटरी पॅडचं स्वस्त यंत्र बनवलं, पण स्वतःचा एक मोठा ब्रँड करण्याऐवजी ते यंत्र बचतगटांना विकलं. पॅडचा धंदा त्या गटांचा झाला.

आता कायदा. मराठी माणसाला समाजसेवा म्हटलं की ट्रस्ट आणि धंदा म्हटलं की प्रायव्हेट लिमिटेड, एवढंच सुचतं. मधल्या वाटा आहेत. कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची कंपनी नफा कमावू शकते, पण वाटू शकत नाही. 2002 च्या दुरुस्तीने आलेली उत्पादक कंपनी सहकाराची तत्त्वं कंपनीच्या अंगरख्यात बसवते. नाशिकजवळ मोहाडीची सह्याद्री फार्म्स हे तिचं आपल्याकडचं ठळक रूप. सेबीने 2022 मध्ये सामाजिक शेअर बाजाराचे नियम केले आणि 2023 च्या डिसेंबरात तिथे पहिली संस्था सूचिबद्ध झाली. तिथल्या रोख्यावर ना व्याज, ना मुद्दल परत, म्हणजे सरळ बोलायचं तर ती नियमांत बसवलेली देणगीच आहे. शिवाय 2013 च्या कायद्यापासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. त्या पैशावर जगणाऱ्या संस्थांचं तोंड हळूहळू लाभार्थ्यांकडून कंपनीच्या अहवालाकडे वळतं, असं माझं निरीक्षण आहे.

पण कागदावरच्या मालकीवरही भरवसा ठेवता येत नाही, हे महाराष्ट्राइतकं कुणाला माहीत असणार? विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला, 1950 पासून तो चालू लागला, आणि ऊस पिकवणारा शेतकरी कारखान्याचा मालक झाला. त्याच वाटेने निघालेले कितीतरी कारखाने पुढे आजारी पडले, लिलावात निघाले, खासगी हातांत गेले. सभासद हजारो होते, पण वार्षिक सभेला त्यांनी हात वर करण्यापलीकडे काही करायचं राहिलं नव्हतं. लिज्जतची बहीण रोज सकाळी केंद्रावर येते आणि वजनाचा काटा स्वतःच्या डोळ्यांनी पाहते. साखर कारखान्याच्या सभासदाला काटा आणि साखरेचा उतारा दोन्ही दुसऱ्याच्या शब्दावर मानावे लागत. मालकी टिकायची तर अशी रोजची नजर लागते.

पुण्यात ही सगळी सूत्रं एका ठिकाणी पाहायला मिळतात. 1993 मध्ये कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत उभी राहिली, बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने. त्यातून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. दारोदार कचरा गोळा करणं ही सेवा आणि त्याचं दरमहा शुल्क घरटी रहिवासी देतो. सुका कचरा विकून येणारे पैसे वेचकाचेच. कचराकुंडीत हात घालणारी बाई सेवा देणारी झाली आणि रहिवासी तिचं गिऱ्हाईक. पण शहराचा कचरा उचलण्याचा अधिकार महापालिकेच्या कराराने मिळतो, आणि 2020-21 मध्ये त्या कराराच्या नूतनीकरणावरून बरीच ओढाताण झाली. मोठ्या गाड्या, मोठे ठेकेदार, एकच बिल, असं गणित कुठल्याही महापालिकेला सोपं वाटतं. एखाद्या सोसायटीत शुल्क वेळेवर मिळतं, शेजारच्या सोसायटीत चार-चार महिने थकतं. थकबाकी मागायची झाली तर जिना चढून बेल वाजवावी लागते, आणि ते काम कचरा उचलणाऱ्या बाईलाच करावं लागतं.